चाक बसलं, ब्रेक जुळला नाही



अद्रकीच्या सडीवर लिहितो म्हणून सांगितलं होतं आणि दीड महिना इकडं फिरकलोच नाही. काही जणांनी विचारलं, भाऊ, शेत विकलं का काय? विकलं नाही. माझ्या पोराचा हात मोडला होता, आणि तो माझ्या हातच्या कामामुळं मोडला होता. अशा वेळी दुसऱ्याला खताची मात्रा सांगायला तोंड राहत नाही. आता प्लास्टर निघालंय, गणपती उठलेत, म्हणून ती नोंद आधी टाकतो. पिकाची नाही, सायकलीची आहे. पण ज्यांच्या घरचं लेकरू सायकलीवर शाळेत जातं त्यांनी वाचावी.

आमचं वावर खुलताबादहून म्हैसमाळला जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. ज्यांनी हा रस्ता बघितलाय त्यांना माहीत आहे, म्हैसमाळकडं चढ, खुलताबादकडं उतार. पोराची शाळा खुलताबादला. म्हणजे सकाळी उतार आणि दुपारी भुकेल्या पोटी चढ. चढाला गिअर लागतात, उताराला ब्रेक. सायकल घेताना सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, किती गिअरची? ब्रेक कोणता आहे, असं मी तरी कधी विचारलं नव्हतं.

सायकल २०२३ ची. त्या साली अद्रकीला भाव सापडला होता, तुम्हाला आठवत असेल. पोरगा तेव्हा सातवीत होता, आता नववीला आहे. जाड टायरची, २६ इंची चाकाची डोंगरी सायकल, पोरं तिला एमटीबी म्हणतात. डिस्क ब्रेकवाली महाग होती, म्हणून साधी घेतली. साधी म्हणजे ज्यात दोन रबरं दोन्ही बाजूंनी रिमला दाबतात ती. त्यात कमीपणा काही नाही, हे आधीच सांगतो. रिम ब्रेक नीट जुळवलेला असला तर शाळेच्या रस्त्याला पुरून उरतो. जुळवलेला असला तर.

जूनमध्ये मक्याला खत टाकायचं होतं. माझी मोटरसायकल पंक्चर. ४५ किलोची युरियाची गोणी पोराच्या सायकलीच्या कॅरेजवर आडवी टाकली आणि ढकलत निघालो. वावराच्या वाटेवर एका खड्ड्यात मागचं चाक असं आपटलं की चार आरे तुटले आणि रिमचा आठ झाला. सायकलीचं कॅरेज दप्तरासाठी असतं, युरियासाठी नसतं. ही माझी पहिली चूक, पण ती चूक सगळ्यांना दिसली. दुसरी दिसली नाही.

आठवड्यानं शहरात काम निघालं. तिथं एका जुन्या सामानाच्या दुकानात डोंगरी सायकलीचं मागचं चाक टायर-ट्यूबसकट ७०० रुपयांत मिळालं. रिम काळी, चकचकीत. हबच्या एका बाजूला सहा भोकं होती, ती कशाची हेही मी विचारलं नाही. माप विचारलं नाही. डोळ्यानं बघितलं आणि म्हणलं, एवढंच असतंय.

आता बघा, हाच मी. ठिबकच्या १६ मिमीच्या नळीला २० मिमीचा जॉइनर कुणी आणला तर गड्यावर ओरडणारा. मोटारीचं बेरिंग आणायला जाताना जुनं बेरिंग खिशात घालून नेणारा. पंपाचा पट्टा बदलताना त्याच्यावरचा नंबर वहीत लिहून ठेवणारा. शेतातल्या दहा रुपयांच्या वायसरचं माप घेतो आणि पोराच्या सायकलीचं चाक नजरेनं आणलं.

घरी आणलं आणि बसवलं. आणि बसलं की हो! एक्सल बरोबर खाचेत गेला, फ्रीव्हील चढलं, चैन लागली. टायर वरच्या बाजूला फ्रेमला जरा जवळ फिरत होता, पण घासत नव्हता. फक्त ब्रेकची रबरं रिमला टेकेनात. ती रिमच्या खाली, आऱ्यांच्या अंगाला जात होती. मग मी पाना घेतला, रबराचा नट सैल केला आणि ब्रेकच्या दांडीतल्या लांबट खाचेत रबर जेवढं वर जाईल तेवढं वर ओढून आवळलं. रिमच्या खालच्या कडेला निम्मं रबर टेकलं.

पोरगा बाजूला बसून बघत होता. म्हणाला, "पप्पा, अर्धंच लागतंय."

मी म्हणलो, "लागतंय ना? मग झालं. आणि पुढचा ब्रेक आहे की."

हे वाक्य मला या दीड महिन्यात रोज ऐकू आलंय.

पुढच्या ब्रेकची गोष्टही सांगून टाकतो. त्याची हँडलवरची लिव्हर उन्हाळ्यात तुटली होती. शेडमध्ये जुन्या सायकलीची एक लिव्हर पडली होती, ती मी लावली होती. वायर लागली, रबर हललं, झालं. दाबल्यावर लिव्हर पार हँडलला टेकायची, तेव्हा कुठं ब्रेक लागायचा. त्यावर मी वायर इतकी ओढून ठेवली की रबर रिमला जवळजवळ चिकटूनच राहिलं. पावसात चाकाला जरा आऊट आला आणि चाक घासायला लागलं, म्हणून पोरानं वायर थोडी सैल केली. त्याचं काय चुकलं?

श्रावणातला दुसरा शनिवार. सकाळची शाळा. भुरभुर पाऊस होता. श्रावणी शनिवार म्हणजे भद्रा मारुतीला जाणाऱ्यांची रीघ. शहराकडून दौलताबादच्या घाटानं लोक रात्रभर चालत येतात, तशी आमच्या बाजूच्या खेड्यांतूनही माणसं पहाटे निघतात. उताराच्या वळणावर एक घोळका चालत होता, बाया होत्या, लेकरं होती. पोरानं पुढचा ब्रेक दाबला, तो हँडलला टेकला. मागचा जोरात दाबला. निम्म्यावर टेकलेलं रबर रिमखाली सटकलं आणि आऱ्यांत गेलं. आरे तुटले, चाक जागेवर जाम झालं, सायकल आडवी घसरत निघाली. पोरानं हँडल माणसांपासून उलट्या बाजूला, चारीकडं मारलं. डावं मनगट मोडलं, कोपर सोलला, गुडघा सोलला.

फोन घोळक्यातल्याच एका अनोळखी माणसानं केला. "भाऊ, पोरगं शुद्धीवर आहे, घाबरू नका, पण या." मी कसा गेलो ते मला आठवत नाही.

दवाखान्यातून रात्री घरी आलो. पोराची आई माझ्याशी बोलत नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. पोरगा मात्र एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. झोपताना एवढंच म्हणाला, "पप्पा, मी माणसांत नाही घातली सायकल." मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

दोन दिवसांनी सायकल टेम्पोत टाकून खुलताबादच्या एका जुन्या मिस्त्रीकडं नेली. चाचा म्हणतात त्यांना सगळे. त्यांनी मागचं चाक बघितलं, ब्रेक बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "चक्का तो बैठ गया मियाँ, ब्रेक का हिसाब कौन करा?"

म्हणलं, चाचा, मीच केला. आता मला पहिल्यापासून शिकवा.

दोन दुपारी मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसलो. जे कळलं ते माझ्या भाषेत लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे टायरवर दोन तऱ्हेची मापं छापलेली असतात. एक इंचातलं, जे आपण बोलतो. दुसरं बारीक अक्षरातलं, मिलिमीटरमधलं, उदाहरणार्थ ५०-५५९. त्यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा. दुसरा महत्त्वाचा, रिमवर टायर जिथं बसतो तिथल्या व्यासाचा. ब्रेकच्या हिशेबात दुसराच धरायचा. डोंगरी सायकलीची २६ इंची चाकं ५५९ ची. साडेसत्तावीस इंची ५८४ ची. २९ इंची ६२२ ची.

माझ्या पोराची सायकल ५५९ ची होती. मी आणलेलं चाक ५८४ चं. फरक २५ मिमी. पण रबराला तो निम्मा लागतो, कारण ते चाकाच्या मधोमध नाही, कडेला टेकतं. म्हणजे साडेबारा मिमी. आपल्या भाषेत चार सूत, अर्धा इंच. ब्रेकच्या दांडीतली खाच एवढं रबर वर नेऊन पूर्ण टेकवायला पुरत नाही. मी ओढून ओढून निम्म्यावर आणलं ते यामुळं.

दुसरी गोष्ट. रिम ब्रेकच्या दांड्या ज्या खुंट्यांवर फिरतात, त्या खुंट्या फ्रेमला आणि पुढच्या चिमट्याला वेल्डिंग केलेल्या असतात. त्या हलत नाहीत. म्हणजे कारखान्यात खुंटी बसली त्याच दिवशी त्या सायकलीच्या चाकाचं माप ठरलं. डिस्क ब्रेकवाल्या सायकलीत चाक लहानमोठं झालं तरी ब्रेकला फरक पडत नाही, कारण तो मधल्या तबकडीला धरतो. फ्रेममध्ये जागा असली की चाक चालतं. रिम ब्रेकमध्ये रिम हीच तबकडी आहे. रिम सरकली की ब्रेकच सरकला.

आणि इंचांच्या नावावर अजिबात विसंबू नका. २६ इंच म्हणवणारी चाकं एकाच मापाची नाहीत. डोंगरी सायकलीचं २६ म्हणजे ५५९. मुलींच्या साध्या सायकलीला जो २६ × १⅜ टायर असतो तो ५९०. एकाला दुसऱ्याची रिम लागणार नाही, टायरही चढणार नाही. त्याहून गंमत म्हणजे आपल्या वडिलांची काळी सायकल. ती २८ इंची, २८ × १½, तिचं खरं माप ६३५. आणि आजच्या २९ इंची डोंगरी सायकलीचं ६२२. अठ्ठावीस हे एकोणतिसापेक्षा मोठं! चाचांनी हे सांगितलं तेव्हा मी मोजून बघितलं. खरं आहे.

तिसरी गोष्ट रिमच्या बाजूची. रिम ब्रेकच्या रिमला दोन्ही बाजूंना सपाट, घासायला म्हणून केलेली पट्टी असते. मी आणलेलं चाक डिस्क ब्रेकचं होतं. हबची सहा भोकं तबकडीचीच होती. डिस्कच्या रिमला ती सपाट पट्टी नसते, बाजू गोलसर असते आणि वरून रंग असतो. गोलसर बाजूवर रबर पूर्ण टेकत नाही, टेकलं तर घसरतं, आणि घासून घासून धातू पातळ करतं. म्हणजे माप जुळलं असतं तरी ते चाक या ब्रेकला चाललं नसतं. मी विचारलं, मग याच सायकलीला डिस्क लावता येईल का? चाचा म्हणाले, फ्रेमला डिस्कच्या ब्रेकचा कान नाही. जोडपट्ट्या लावून करणारे करतात, मी करत नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. या ब्रेकची दांडी खालच्या खुंटीवर फिरते. रबर जसजसं झिजतं तसतशी दांडी आत जास्त झुकते आणि रबर थोडं थोडं खाली उतरतं, आऱ्यांच्या दिशेनं. जे रबर पहिल्या दिवशीच रिमच्या खालच्या कडेला लटकलेलं होतं, ते महिन्याभरात सटकणारच होतं. कधी सटकायचं एवढाच प्रश्न होता. मी जूनमध्ये पाना आवळला त्याच दिवशी त्या शनिवारची तयारी झाली होती.

पाचवी लिव्हरची. डोंगरी सायकलीच्या या लांब दांड्यांच्या ब्रेकला व्ही-ब्रेक म्हणतात, शिमानो कंपनीनं १९९६ च्या सुमारास या नावानं तो आणला आणि पुढं सगळीकडं त्याच्या नकला झाल्या. त्याला वायर जास्त ओढावी लागते, जुन्या पद्धतीच्या ब्रेकच्या जवळपास दुप्पट. म्हणून त्याची लिव्हरही जास्त वायर ओढणारी असते. जुनी लिव्हर लावली की ती हँडलला टेकते आणि ब्रेक अर्धवट राहतो. उलटं केलं, म्हणजे नवी लिव्हर जुन्या ब्रेकला लावली, तर ती दगडासारखी घट्ट लागते आणि चाक काही धरत नाही. दोन्ही लिव्हर दिसायला सारख्याच.

रात्री घरी येऊन मोबाइलवर या डोंगरी सायकलींचा इतिहास वाचला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरिन काउंटी म्हणून डोंगराळ भाग आहे. तिथं १९७० च्या दशकात काही पोरं जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्यानं खाली सोडायची. त्या सायकलींना हबमधले ब्रेक होते, पायडल उलटं दाबलं की लागणारे. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या रस्त्याचं नावच 'रिपॅक' पडलं. १९७६ पासून तिथं शर्यती झाल्या. त्या जुन्या सायकलींची रिम ५५९ ची होती, म्हणून पुढं डोंगरी सायकल २६ इंची झाली. मग त्यांनी रिमला धरणारे ब्रेक आणि मोटरसायकलच्या लिव्हर लावून बघितल्या. म्हणजे या सायकलीची सुरुवातच ब्रेकच्या अडचणीतून झालेली आहे. चढण्याची हौस सगळ्यांना असते, सायकल सुधारली ती उतारानं.

हे वाचताना मला अण्णा आठवले, माझे वडील. त्यांची काळी २८ इंची होती, सळईच्या ब्रेकची. ज्यांनी चालवली त्यांना ठाऊक आहे, त्याला वायर नसते, हँडलपासून सळई खाली जाते आणि रबर बाजूनं न दाबता रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूनं वर ओढून टेकतं. रिम लोखंडी, वरून निकेल. कोरड्यात ठीक. ओली झाली की नुसती गुळगुळीत, कितीही दाबा. अण्णा दुधाच्या दोन कॅन टांगून दौलताबादच्या घाटानं शहरात जायचे. मी लहान असताना एकदा पुढच्या दांडीवर बसून गेलो होतो. खुलताबाद सोडलं आणि पाऊस आला. घाट सुरू व्हायच्या आधी अण्णा उतरले, मला उतरवलं, आणि सगळा घाट सायकल हातात धरून चालत उतरले. मागून दोन पोरं सायकलीवर सूं करत गेली, आमच्याकडं बघून हसली. मला लाज वाटली. म्हणलं, अण्णा, आपण का उतरलो? ते म्हणाले, "ओल्यात हा धरत नाही." एवढंच. किल्ल्याजवळच्या त्या अरुंद दरवाजातून बाहेर पडल्यावर सपाटी लागली, तेव्हा पुन्हा बसवलं.

अण्णांना ५५९ माहीत नव्हतं, ६३५ माहीत नव्हतं. आपला ब्रेक कुठपर्यंत धरतो हे मात्र माहीत होतं, आणि त्यापुढं ते पोराला घेऊन जात नव्हते.

आता काय केलं ते सांगतो.

चाचांनी शहरातून ५५९ ची अॅल्युमिनियमची नवी रिम मागवली, दुहेरी भिंतीची, बाजूला घासायची पट्टी असलेली. पट्टीवर बारीक खाच आहे. ती खाच घासून दिसेनाशी झाली की रिम बदलायची. जुना हब चांगला होता, त्यालाच नवे आरे घालून रिम बांधली. रिमची भोकं आणि हबची भोकं सारखी लागतात, आमची ३६-३६ होती. आरे आवळून आऊट काढायला चाचांना दीड तास लागला. आऊट असलेल्या चाकाला रिम ब्रेक कधीच नीट लागत नाही, हे ते तीनदा म्हणाले. पुढची लिव्हर व्ही-ब्रेकचीच आणली. चारही रबरं नवी, दोन्ही वायरी नव्या. सगळा खर्च साधारण दोन हजार आला. मी वाचवले होते किती, ते आता मोजत नाही.

रबरं बसवायला त्यांनी मला लावलं. मी करत होतो आणि ते बोलत होते. तीच ही यादी. पाना हातात घेऊन वाचा.

१) चाक खाचेत पूर्ण बसलंय का, दोन्ही बाजूला मधोमध आहे का, ते आधी बघा. चाक तिरकं असेल तर पुढचं सगळं चुकतं.

२) रबर पूर्णच्या पूर्ण रिमच्या पट्टीवर टेकलं पाहिजे. वरची कड टायरपासून दोन-एक मिमी खाली. टायरला लागलं तर टायरची बाजू कापतं आणि टायर फुटतो. खालची कड रिमच्या बाहेर लटकता कामा नये. लटकली तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

३) रबराच्या खिळ्यावर जाड आणि पातळ असे वाटीसारखे वायसर असतात. ते फेकू नका. रिम रुंद असेल तर आतल्या बाजूला पातळ, अरुंद असेल तर जाड. रबर रिमला टेकल्यावर दोन्ही दांड्या साधारण उभ्या आणि एकमेकींना समांतर दिसल्या की बरोबर.

४) रबराचं पुढचं टोक, म्हणजे चाक ज्या बाजूला फिरत जातं तिकडचं, मिमीभर आधी टेकू द्या. किंचाळण्याचा आवाज जातो.

५) रिम आणि रबर यात दोन्हीकडं दीड-दोन मिमी जागा ठेवा. एक दांडी लांब आणि एक चिकटलेली असेल तर दांडीच्या बुडाशी बारीक स्क्रू असतो, त्यानं स्प्रिंग कमीजास्त होते.

६) लिव्हर पूर्ण ताकदीनं दाबा. हँडल आणि लिव्हर यात बोटभर तरी जागा राहिली पाहिजे. टेकत असेल तर वायर आवळून काम चालवू नका, लिव्हर त्या ब्रेकची आहे का ते बघा.

७) पावसाळ्यात मुरमाचे बारीक खडे रबरात रुततात आणि रिमला रवाळ कागदासारखे घासतात. आठवड्याला रबर बघा, सुईनं खडे काढा, रिम फडक्यानं पुसा. रिमच्या बाजूवर लोखंडी पट्टी आडवी धरा. मध्ये खोलगट दिसलं तर रिम झिजली. झिजलेली रिम टायरच्या हवेनंच फाटू शकते.

८) शेवटी रिमवर पाणी ओता आणि मोठ्या माणसानं स्वतः हळू चालवून बघा. कोरड्यात लागलेला ब्रेक अर्धाच तपासलेला असतो.

शेवटचं मी केलं. पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी पोराची सायकल घेऊन मी एकटा त्या उताराला गेलो. गुडघे हँडलला लागत होते, मला बघून शेजारच्या वावरातला गडी हसला. वळणापाशी आलो आणि दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली. तीन वेळा वर जाऊन तीन वेळा खाली आलो. तिन्ही वेळा थांबली. चारीत त्या दिवशीच्या तुटलेल्या आऱ्याचा एक तुकडा अजून पडलेला होता. तो उचलून आणला आणि शेडमधल्या खिळ्याला अडकवलाय, जिथं मी पाने ठेवतो तिथं.

प्लास्टर निघाल्यावर पोरगा पहिल्या दिवशी शाळेला निघाला तेव्हा मी म्हणलो, चल, मोटरसायकलवर सोडतो. तो नको म्हणाला. सायकल ओसरीतून बाहेर काढली, खाली वाकला, मागचं रबर बघितलं, पुढचं बघितलं, लिव्हर दोनदा दाबली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पूर्ण लागतंय." आणि गेला.

मी मोटरसायकलवर मागून गेलोच. त्याला दिसणार नाही इतकं अंतर ठेवून. त्याला कळलं असणार.

ते ७०० रुपयांचं चाक शेडच्या मागं पडलंय. ज्यांच्याकडं साडेसत्तावीस इंची डिस्कवाली सायकल आहे आणि मागची रिम गेलीय, त्यांनी येऊन बघावं. आरे नवे घालावे लागतील, पण रिम चांगली आहे. पैसे नकोत. फक्त येताना टायरवरचा दुसरा आकडा वाचून या, ५८४ असेल तरच देईन.

पुढची नोंद अद्रकीच्या सडीचीच. खड्डे काढून बघितलेत, खालच्या पट्ट्यात पाणी साचलंय तिथं जास्त आहे. रविवारपर्यंत टाकतो.

राम राम.